तळ्याकाठी एक दिवस, काहीही न करता: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की मे महिन्यात आम्ही घरचे सहा जण भंडारदऱ्याला पाण्याकाठी टेंट टाकून एक दिवस आणि एक रात्र राहिलो, कुठला पॉइंट बघितला नाही, कुठला गड चढलो नाही, आणि माझे सासरे, ज्यांना मी एवढ्या वर्षांत कधी रिकामं बसलेलं बघितलं नाही, ते सकाळी सात ते अकरा खुर्ची टाकून नुसते पाण्याकडे बघत बसले. मधे तीन वेळा चहा मागितला, बाकी एक शब्द नाही. तेवढ्या चार ओळींवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची नावं त्यांच्या सांगण्यावरून गाळलीत म्हणून मग सगळ्यांचीच गाळली.

ताई, आम्ही कोथरूडला राहतो. मुलं सहा आणि अकरा वर्षांची, सोबत सासूबाई. पवना जवळ पडतं, भंडारदरा लांब. कुठे जावं? आणि एका दिवसात काय काय बघून होईल?

पवना जवळ आहे ही खरंच मोठी सोय आहे, मुलं गाडीत कंटाळायच्या आत तुम्ही पोचता, आणि काठावर बसलं की तुंग, तिकोना, लोहगड सगळे आजूबाजूला दिसतात. संध्याकाळी तुंगाचा सुळका काळा होत जातो ते मला कितीही वेळा बघितलं तरी पुरत नाही. पण शनिवार-रविवारी तिथे टेंटला टेंट चिकटलेला असतो, त्यामुळे पवना करायचं तर मधला वार काढा, एक दिवस रजा टाका, फरक जमीन-अस्मानाचा आहे.

मला एकच निवडायला सांगितलं तर मी भंडारदरा म्हणेन. तुम्ही आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाजवळच्या गावाला पोचाल, राजूरला पेढे घ्यायला थांबायचंच. मुंबईकरांनी कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी असं यायचं, बारीला कळसूबाईच्या पायथ्याशीच तुम्ही असता, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण ते या वेळी खालूनच बघायचं. कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की एका दिवसात एकच गोष्ट बघायची. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, कोरीवकाम जवळ जाऊन बघण्यासारखं आहे, शेजारी पुष्करणी आहे तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढून पिंड बुडते, उन्हाळ्यात मात्र नीट दर्शन होतं. बास. रंधा धबधबा मे महिन्यात धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर नुसता कातळ असतो, तिथे जाऊन हिरमुसण्यापेक्षा झाडाखाली पडलेलं बरं.

आणि वेळ कशी धरायची ते नीट ऐका, कारण सगळे इथेच चुकतात. सकाळी दहाला पोचून टेंट लावायचा नाही. दुपारी चारच्या सुमारास पोचायचं, ऊन उतरताना टेंट लावायचा, संध्याकाळ, रात्र आणि पहाट मनसोक्त घ्यायची, दुसरी दुपार झाडाखाली चटईवर काढायची आणि ऊन कलल्यावर निघायचं. टेंट ही झोपायची जागा आहे, बसायची नाही. सकाळी आठच्या पुढे मे महिन्यातला टेंट म्हणजे भट्टी. म्हणून लावताना पूर्वेला झाड किंवा टेकाड येईल अशी जागा बघायची, तेवढीच तासभर झोप जास्त मिळते. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वाट्टेल तिथे गाडी थांबवून टेंट ठोकायचा नाही, गावातल्या लोकांनी रीतसर चालवलेल्या जागा आहेत त्यांच्याकडे राहायचं, पैसेही गावात राहतात.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, दोन वर्षं स्विमिंगचा क्लास केलाय, चांगला पोहतो. धरणात उतरू द्यायला काय हरकत आहे? नवरा म्हणतो तू उगाच घाबरतेस. (ठाणे)

हरकत आहे, आणि तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. हे उत्तर लांबणार आहे, पण मला ते लांबवू द्या.

स्विमिंग टँकमध्ये तळ दिसतो, कडा हाताशी असते, खोली भिंतीवर लिहिलेली असते. धरणाच्या पाण्याखाली काय आहे ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आपल्याकडे ज्याला आपण लेक लेक म्हणतो ते बहुतेक सगळं धरणाचं साठलेलं पाणी आहे, म्हणजे त्याच्या खाली कधीकाळची शेतं आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत, नदीचं जुनं पात्र आहे. गुडघाभर पाण्यात चाललेला माणूस पुढच्या पावलाला बांधावरून खाली जातो. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तेव्हा काठावर जो चिखल उघडा पडतो तो वरून वाळून कडक दिसतो आणि आतून मऊ असतो, पाय मांडीपर्यंत रुततो आणि मग माणूस सुटायला धडपडतो. वरचं पाणी कोमट, खालचं थंड, त्या थंडीने श्वास अडकतो. यातलं काहीही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

माझ्या माहेरच्या गल्लीतला एक मुलगा असाच गेला, बारावीत होता, गल्लीत सगळ्यात चांगला पोहायचा. त्याच्या आईला मी त्यानंतर कित्येक वर्षं बघत होते. त्यामुळे या विषयावर माझ्याकडे मधली बाजू नाही.

दुसरं म्हणजे बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात तो श्वास घेतो, ओरडायला वेळच नसतो, लांबून बघणाऱ्याला वाटतं खेळतोय. आणि मग एक जण उतरतो, त्याला वाचवायला दुसरा, त्याला वाचवायला तिसरा, एकाच घरातली तीन-चार माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच घडतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाला निघायच्या आधीच सांगून ठेवा, कोणी पडलं तर पाण्यात उडी मारायची नाही, आधी लांब काठी, ओढणी, साडी, दोर, जे असेल ते फेकायचं, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन फेकायचा, तो धरून माणूस तरंगतो. आम्ही असा एक कॅन दोर बांधून काठावर ठेवतोच. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, त्यात वेळ जातो, श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करायचा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. यालाच सीपीआर म्हणतात, तो एकदा कुठेतरी प्रत्यक्ष शिकून घ्या, हे वाचून येत नाही.

मुलाला पाण्यात खेळायचंच असेल तर लाइफ जॅकेट घालून, बोटवाल्या माणसाच्या सोबत, बोटीतून. किंवा काठावर उभं राहून चपटे दगड मारायचे, आम्ही त्याला पाण्यावर भाकऱ्या काढणं म्हणायचो, कोणाच्या किती होतात ते मोजायचं. चौदा वर्षांचा मुलगा तासभर रमतो, बापही रमतो. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि हे उत्तर वाचायला द्या.

एक विचारतो. आपल्याकडे नैसर्गिक सरोवरं खरंच नाहीत का? मी निवृत्त शिक्षक आहे, नातवाने विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. (सांगली)

सर, आहेत, पण मोजकी. लोणारचं सगळ्यांना माहीत आहे, उल्का पडून झालेलं, बेसॉल्ट खडकातलं, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. पण टेंट टाकून राहायला आपण जिथे जातो ती जवळपास सगळी धरणंच. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरा अडवून, त्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात, इंग्रजांची नावं अजून चिकटून आहेत. कोयनेचा शिवसागर, पानशेत, पवना, सगळी माणसाने अडवलेली.

नातवाला एक गोष्ट मात्र जरूर सांगा. मुळशीचं धरण बांधताना मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते, पुढे तुरुंगातही गेले. धरण शेवटी झालंच. आज आपण मुळशीच्या काठावर भजी खातो तेव्हा ते पाणी कोणाच्या तरी भातखाचरांवर उभं आहे. पवनेत वाघेश्वराचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं, उजनीत पळसदेवचं तसंच. नातवाला घेऊन मे महिन्यात यातलं एक बघून या, धरण म्हणजे काय हे त्याला पुस्तकापेक्षा लवकर कळेल. काठावरच्या चिखलाचं वर लिहिलंय ते तिथेही लागू, गावातला माणूस सोबत घ्या आणि तो नेईल त्याच वाटेने जा.

माझे गुडघे गेलेत. मुलगा-सून म्हणतात आई चल, मजा येईल, पण जमिनीवर बसता येत नाही, रात्री दोनदा उठावं लागतं, टेंटमध्ये रांगत शिरायचं म्हणजे... मी नाही म्हणते तर त्यांना वाईट वाटतं. काय करू? (सातारा)

काकू, जा. पण तुमच्या अटींवर जा, आणि त्या अटी मी इथे लिहून देते म्हणजे मुलाला दाखवता येतील.

बुकिंगच्या आधी फोन करून एकच विचारायचं, टॉयलेट कमोडचं आहे का आणि टेंटपासून किती पावलांवर आहे. 'जवळच आहे' हे उत्तर चालत नाही, पावलं विचारायची. वाटेत पायऱ्या आहेत का, दिवा आहे का, ते पण. बऱ्याच ठिकाणी आता टेंटच्या जोडीला एखादी साधी खोली असते, खाट असलेली, ती तुमच्यासाठी घ्यायची, रात्री तुम्ही खोलीत झोपा आणि बाकी सगळा वेळ बाहेर. त्याने काहीही कमी होत नाही. खोली नसेल तर फोल्डिंगची खाट गाडीत टाका आणि उभं राहून शिरता येईल असा उंच टेंट मागा, मिळतो.

खुर्ची घरूनच न्या, पाठ असलेली, हात टेकता येतील अशी, उठताना हातांवर जोर देता यायला हवा. त्या कापडी खोल खुर्च्या दिसायला छान पण त्यातून गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. रात्री टॉर्च उशाशी, काठी हाताशी, आणि सुनेला सांगून ठेवा की मला उठवायला संकोच वाटणार नाही. खरंच वाटू देऊ नका.

आणि काकू, बीपीची, शुगरची गोळी वेळेवर. सुट्टीच्या नादात तीच राहते. उन्हात ठेवलेल्या गाडीत औषधं ठेवायची नाहीत, इन्सुलिन तर अजिबात नाही.

माझ्या सासूबाईपण आधी नको म्हणत होत्या. आता पहाटेची पहिली टिटवी ओरडली की कोणी ऐकली, यावर त्यांचा आणि नातीचा वाद चालतो.

खायला काय न्यायचं? तिथे चूल पेटवता येते का? बार्बेक्यू न्यावा का? (तीन-चार जणांनी विचारलंय)

माझं मत स्पष्ट आहे, रात्रीचं जेवण गावातल्या माणसांकडून घ्या. चुलीवरची तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, हे आपण तिथे जाऊन स्टोव्हवर करण्यात अर्थ नाही, शिवाय घरातली जी बाई वर्षभर स्वयंपाक करते तीच तिथेही ओणवी बसून कांदा चिरत असेल तर तिची कसली आलीय सुट्टी. हे मला फार वाटतं म्हणून लिहिते, नवरे मंडळी वाचत असतील तर बरं.

बाकीचं घरून. दशम्या न्या, दुधात भिजवलेल्या, दुसऱ्या दिवशीपण मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची नाहीतर सुक्या लसणाची चटणी, ओल्या खोबऱ्याची अजिबात नको, मे महिन्यात दुपारपर्यंत आंबते. भडंगाचा मोठा डबा हवाच, तो पहिल्या तासात संपतो. कैरीचं पन्हं अर्क करून बाटलीत न्यायचं आणि तिथे पाणी घालायचं, कोकमाचंही तसंच. करवंदं विकायला मुलं येतात, पानाच्या द्रोणात, घ्या, आणि घासाघीस करू नका. प्यायचं पाणी भरपूर न्या, तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. कोणाला ऊन लागलं, उलटी-जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा, हे प्रमाण डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा, पण माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापून सुकं पडलं तर साखर-मिठाच्या पाण्यावर थांबू नका, अंग ओलं करत, वारा घालत सरळ दवाखाना.

बार्बेक्यूबद्दल एकच, आणि ते ठळक वाचा. कोळशाची शेगडी टेंटच्या आत कधीही, कधीही न्यायची नाही. विझत आलेली, राख धरलेली, नुसती ऊब म्हणूनसुद्धा नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपेतला माणूस झोपेतच जातो. बाहेर पेटवायची तर जागेच्या मालकाला विचारून, वाळक्या गवतापासून लांब, आणि शेवटी पाणी ओतून राखेत हात घालता येईल इतकं गार करून.

आणि भांडी पाण्यात नेऊन घासायची नाहीत हो. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. बादलीत पाणी घ्या, काठापासून लांब घासा, साबणाचं पाणी मातीत ओता. आम्ही कचऱ्याला एक रिकामी पिशवी नेतो आणि भरलेली परत आणतो, त्यात दुसऱ्यांच्या दोन-चार बाटल्यापण येतात.

आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या ग्रुपने रात्री दोनपर्यंत स्पीकर लावला, बाळ झोपलं नाही, आम्ही बोलायला गेलो तर भांडण झालं. अशा वेळी करायचं काय? (नवी मुंबई)

वाचून जीव तुटला, आठ महिन्यांचं बाळ लिहिलंय तुम्ही. नियम तुमच्या बाजूने आहे, ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. स्वतः भांडायला जाऊ नका, प्यायलेल्या ग्रुपशी तर नकोच, जागेच्या मालकाला उठवा, त्याने ऐकलं नाही तर ११२ लावा. पण खरं काम आधीचं आहे, बुकिंग करतानाच विचारा की म्युझिक किती वाजता बंद होतं, आणि उत्तर देताना माणूस अडखळला तर ती जागा सोडा. फक्त कुटुंबांना देतात अशा जागा आहेत, थोड्या महाग पडतात.

साप-विंचू निघतात का? आणि वळीव आला तर? (नाशिक)

निघतात, त्यांचं घर आहे ते. टेंटची चेन सतत बंद, हा एकच नियम मुलांना शिकवा, आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, ठेवलेच तर उलटे करून झाडून मग पाय घालायचा. दगड उचलायचे नाहीत, लाकडं गोळा करायला मुलांना पाठवायचं नाही, अंधारात अनवाणी नाही.

लाल विंचू लहान मुलाला चावला तर आपण घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी यावर आयुष्य घातलं, प्राझोसिन नावाचं औषध वापरून त्यांनी कितीतरी माणसं वाचवली आणि ते जगाला दाखवून दिलं, पण ते डॉक्टरनेच द्यायचं असतं आणि वेळेत द्यायचं असतं. म्हणून पोचल्या पोचल्या गावात विचारून ठेवा, जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठलं, रात्री गाडी कोण चालवेल. साप चावला तरी तेच, दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात किंवा पाय हलू न देता सरळ हॉस्पिटल.

वळवाचं म्हणाल तर दुपारनंतर आभाळ भरून आलं, गार वारा सुटला आणि गडगड ऐकू आली की लगेच उठायचं, पहिला थेंब पडायची वाट बघायची नाही. टेंट विजेपासून वाचवत नाही. एकटं मोठं झाड तर सगळ्यात वाईट. पक्क्या छताखाली जा, नाहीतर गाडीत काचा लावून बसा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मग बाहेर. मुलांना गाडीत बसवून भेंड्या लावा, पाऊस गाडीच्या टपावर वाजतो ते त्यांना आवडतं.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येणार आहेत, त्यांना स्टेट पार्कला कॅम्पिंगला न्यायचंय. तुमचे सल्ले इथे चालतील का?

थोडे चालतील, थोडे नाही. माझी बहीण तिकडे असते, तिच्यासोबत मी लडिंग्टन स्टेट पार्कला राहिलेय, तेवढ्यावरून सांगते.

तिथे सगळ्यात छान काय तर एका बाजूला लेक मिशिगन आणि दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक. मोठं पाणी समुद्रासारखं, लाटा, जूनमध्येसुद्धा बर्फासारखं गार, आणि त्यात ओढून नेणारे प्रवाह असतात, तिथे आई-बाबांना फक्त वाळूत चालायला न्या. हॅमलिन लेकचं पाणी उबदार आणि उथळ, मुलांना तिथे खेळवा, त्यांच्यावर नजर ठेवून. बिग सेबल पॉइंटचं दीपगृह आहे, १८६७ चं, काळं-पांढरं, पण तिथपर्यंत जायला वाळूतून बरंच चालावं लागतं, बाबांच्या पायांचं आधी बघा. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्याचे वीकेंड बघता बघता संपतात, त्यामुळे आत्ता जागा नसेल तर कॅन्सलेशनवर डोळा ठेवा किंवा मंगळवार-बुधवार बघा.

जळाऊ लाकूड घरून न्यायचं नाही हं, पार्कजवळच घ्यायचं. ॲश झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगेरा २००२ मध्ये तुमच्या मिशिगनमध्येच पहिल्यांदा सापडला आणि लाकडातून त्याने किती राज्यं गाठली. रात्री खाण्याचा एकही डबा बाहेर नको, रकून झाकणं उघडतात, आईने आणलेली बाकरवडी गाडीत ठेवा. गवतातून आल्यावर टिक्स, म्हणजे गोचीड, अंगावर आहेत का बघायचे, गुडघ्यामागे, कानामागे, आणि तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावायचा नाही, ती पॉयझन आयव्ही, अंगाला खाज सुटते.

आई-बाबांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा, जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. माझी आई आली होती तेव्हा तिला दिवेलागण कधी करायची हेच कळेना, साडेनऊला तिने पिकनिक टेबलावर टॉर्च उभा करून शुभंकरोति म्हटलं. शेजारच्या साइटवरची एक म्हातारी बाई येऊन विचारून गेली, काय म्हणत होतात, छान वाटलं.

मी चौथीत आहे. आई म्हणते भंडारदऱ्याला काजवे असतात. ते बाटलीत घालून घरी आणले तर किती दिवस चमकतील? (कल्याण)

तुझं अक्षर खूप छान आहे, आणि प्रश्नही.

बाटलीत ते चमकणार नाहीत गं फार, आणि का ते सांगते. काजवा माशी नाही, भुंगेरा आहे. त्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून जमिनीवर जातं, तेव्हा तो गोगलगाई खातो, आणि मोठा होऊन पंख फुटले की त्याच्याकडे थोडेच दिवस उरतात. तेवढ्या दिवसांत त्याला जोडीदार शोधायचा असतो, म्हणून तो दिवा लावतो. तो दिवा म्हणजे त्याची हाक. त्याच्या पोटात दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि उजेड होतो, पण गरम होत नाही, आपल्या बल्बसारखा चटका नाही. नर उडत उडत दिवा लावतात, मादी बऱ्याचदा गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते. बाटलीत घातलेल्या काजव्याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही.

मे संपता संपता, पाऊस यायच्या आधी ते सगळ्यात जास्त दिसतात, साधारण जूनच्या मध्यापर्यंत. आईला सांग शनिवारी नको, फार गर्दी असते आणि गाड्यांच्या दिव्यांनी ते विझतात. सोबत वनखात्याने सांगितलेल्या वेळा पाळणारा गावातला वाटाड्या हवा.

तिथे गेलीस की टॉर्च बंद, मोबाइल बंद, बाबांचा पण. आधी काहीच दिसणार नाही, तुला वाटेल काजवे नाहीतच. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर वर बघ, उत्तरेला सप्तर्षी दिसतील, त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेलीस की एक नारिंगी चांदणी लागेल, ती स्वाती, आणखी पुढे चित्रा. चित्रापर्यंत पोचलीस की मग मान खाली कर आणि समोरच्या झाडाकडे बघ. एखादा हिरडा नाहीतर जांभूळ असेल. आधी एक लुकलुकेल, मग दोन, आणि मग थोड्या वेळाने अख्खं झाड एकदम लागेल आणि एकदम विझेल, परत लागेल. किती वेळा ते मोजून मला कळव.